पार्किंगमधलं सोवळं

रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरावं. दूधवाला येऊन गेलेला असतो, वॉचमनची पहिली झोप संपून दुसरी लागायची असते, आणि अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ आपल्या मोटारीभोवती अनवाणी प्रदक्षिणा घालत असतात. पट्टा, घड्याळ, अंगठी सगळं वरच काढून ठेवलेलं. शेजारी दोन बादल्या, त्यांतल्या एकीच्या तळाशी जाळी, खांद्यावर लुसलुशीत फडकी. तोंडानं फारसं बोलणं नाही. बोललेच तर ‘जरा तिकडून जा’ एवढंच. या गृहस्थांना आपण रंगराख्या म्हणू. गाडी ॲव्हरेज किती देते असं विचारलं तर रंगराख्या अंदाजपंचे काहीतरी सांगेल. बॉनेटवरच्या रंगाची जाडी मात्र तो मायक्रॉनमध्ये सांगेल, आणि डाव्या दाराची वेगळी सांगेल.

सोसायटीचं त्याच्याबद्दल एकमत नाही. काहींच्या मते तो गाडीवेडा आहे, काहींच्या मते दिखाऊ. उरलेले म्हणतात की हा पक्का व्यवहारी, विकताना भाव यावा म्हणून आत्तापासून घासतोय. माझ्या मते सगळेच चुकतात, कारण सगळे त्याला मोटारीच्या जगातला माणूस समजतात. त्याचं गोत्र गॅरेजमध्ये सापडायचं नाही. ते जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात सापडतं. आजीबरोबर घरातलं सोवळं गेलं अशी आपली समजूत होती. ते गेलं नव्हतं, लिफ्टनं खाली उतरलं होतं.

पुरावा त्याच्या बादल्यांपासूनच सुरू होतो. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवून एक दार धुवायचं, मग तो साध्या पाण्यात खळबळायचा, माती जाळीखाली बसू द्यायची आणि मगच पुन्हा शाम्पूला हात लावायचा. मातीचा मोजा चुकून तसाच शाम्पूत गेला की ती बादली बाटली. सगळं पाणी ओतून पुन्हा पहिल्यापासून. क्रमही ठरलेला. आधी छत, मग काचा, मग बॉनेट, दारांचा खालचा भाग शेवटी. चाकांचा तर शेजारच नको: त्यांची बादली निराळी, फडकं निराळं, कारण ब्रेकचा लोखंडी कीस त्यांवर बसलेला असतो. चाकाचं फडकं बॉनेटला लागणं ही कल्पनाही त्याला सहन होत नाही. सोवळ्याचं लुगडं पूर्वी उंच दांडीवर, काठीनं वाळत घालत. याची मायक्रोफायबरची फडकी घरच्या सुती टॉवेलांबरोबर धुतली जात नाहीत, वाळतही नाहीत, कारण सुताचे तंतू त्यांत अडकतात. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं गेलंच. रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा क्ले बार नावाचा कणकेसारखा गोळा असतो, तो हातून फरशीवर पडला तर थेट कचऱ्यात. मुहूर्तही पाळावा लागतो. ऊन चढून पत्रा तापला की शाम्पू अंगावरच वाळतो, म्हणून नऊच्या आत आटपायचं. पट्ट्याचं तर विशेष आहे. आजोबा पट्टा काढत तो चामड्याचा म्हणून, हा काढतो तो बक्कल घासेल म्हणून. पट्टा दोघांचाही खुंटीलाच.

यावर रंगराख्याची हरकत ठरलेली आहे. ‘अहो, यामागे शास्त्र आहे.’ आजोबाही सोवळ्याबद्दल अगदी याच शब्दांत सांगत, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझा संशय वाढतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर या ठिकाणी शास्त्र खरोखरच आहे. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, आणि त्या काळात रंग म्हणजे पत्र्यावर चढवलेलं एक जाड प्रकरण होतं. आजच्या गाडीवर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट अशी उतरंड असते. सगळी मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट चाळीसेक, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. चकाकी म्हणून आपण जी पाहतो ती एवढ्याशा थराची कमाई. आता पुण्याची धूळ घ्या. खडीच्या क्रशरमधून आलेल्या बेसाल्टच्या भुकटीतली खनिजं काठिण्याच्या मोह मापावर सहाच्या जवळपास भरतात, वाळूतलं क्वार्ट्झ सातला. क्लिअर कोट हे शेवटी एक प्रकारचं प्लॅस्टिक. तो त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. अशा धुळीवरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे गाडीला पॉलिशपेपर मारणं. मग उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसू लागतात. गंमत म्हणजे ती वर्तुळं नसतातच. ओरखडे वाट्टेल त्या दिशेला गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती चक्र उमटल्याचा भास होतो. कबुतराची विष्ठाही नुसती किळसवाणी नसते. तिच्यातल्या पांढऱ्या भागात यूरिक आम्ल असतं, आणि भर उन्हात नरम पडलेला क्लिअर कोट संध्याकाळी त्या डागाभोवती आवळत गेला की त्याचा ठसा कायमचा राहतो. हे सगळं खरं आहे. आजोबांच्या शास्त्राची परीक्षा कधी झाली नाही. नातवाचं शास्त्र भिंगाखाली पास होतं.

मग त्याला शास्त्रज्ञ म्हणायला हरकत काय? हरकत अशी की शास्त्र कुठेतरी थांबतं आणि सोवळं थांबत नाही. रंग मुळात कशासाठी? पत्रा गंजू नये म्हणून. म्हणजे रंग हा पत्र्याचा राखणदार. रंगाला राखायला क्लिअर कोट नेमला. क्लिअर कोटला राखायला पूर्वी ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून खरवडलेलं कार्नौबा मेण चोळत. आता त्या जागी सिलिकावर आधारलेलं सिरॅमिक कोटिंग आलं. त्याच्याही वरचढ म्हणून पीपीएफ आली, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती तब्बल 150 ते 200 मायक्रॉन जाड, ज्या रंगाला राखायचं त्या सगळ्या रंगाहून जाड. या फिल्मचा उगम व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पात्यांपाशी सांगतात; आज ती कोथरूडहून हिंजवडीला जाते. आणि फिल्मवर ओरखडे पडू नयेत म्हणून फिल्मवर पुन्हा सिरॅमिक कोटिंग करून घेणारे आहेत. त्यावर कापडी कव्हर, कव्हरवर पार्किंगचं छत. या रांगेत पत्रा कुठे उभा आहे, हे आता कोणाच्याच ध्यानात नाही. गंज मात्र त्याला विसरत नाही. तो बॉनेटच्या मधोमध क्वचितच सुरू होतो. तो येतो दाराच्या खालच्या कडेतून, चाकावरच्या कमानीत साचलेल्या चिखलातून, पाणी निघायच्या बुजलेल्या भोकांतून. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना हे पाठ असतं; ते गाडीखाली वाकून बघतात. रंगराख्या गाडीखाली कधी वाकत नाही. देव्हारा लख्ख आणि मोरी तुंबलेली, असा हा कारभार.

कोटिंगच्या डब्यावर छापलेलं ‘9एच’ हे तर या शास्त्राचं खास प्रकरण आहे. हिरा दहा म्हणजे हे नऊ, असं रंगराख्या सांगतो आणि ऐकणारा माना डोलावतो. पण ते मोह माप नव्हे, पेन्सिलीचं माप आहे. शाळेत आपण एचबी वापरायचो ना, त्याच कुळातली अतिशय कडक पेन्सिल 9एच. तिनं ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. गाडीवर पेन्सिलीनं अक्षर गिरवायला कोणी बसणार असेल तर हे संरक्षण उत्तम आहे. धुळीतलं क्वार्ट्झ या परीक्षेला बसलेलंच नसतं. पाणी मोत्यांसारखं घरंगळून जाणं, घाण कमी चिकटणं, उन्हाचा त्रास थोडा कमी होणं हे कोटिंगचे खरे गुण आहेत, आणि ते पुरेसेही आहेत. पण सोवळ्याला पुरेसं हा शब्द ठाऊक नसतो.

व्यवहाराची बाजू घेणारे म्हणतील, जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ रंगाला किंमत आहेच की. आहे. घेणारा हल्ली रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतो. शंभराच्या जागी अडीचशे मायक्रॉन दिसले की दार नव्यानं रंगवलंय, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकली गेलीय, हे त्याला कळतं आणि भाव पडतो. पण हिशेब पुरा करावा. सगळ्या गाडीला बरी फिल्म लावायला लाखाच्या आगेमागे रुपये जातात, कोटिंगच्या देखभालीचे वर्षाला वेगळे, शाम्पू-फडक्यांचे बायकोला न सांगितलेले आणखी वेगळे. ओरखडा पडलेला बंपर रंगवून घ्यायला काही हजार पुरतात. विकताना जे वाचणार त्याहून जास्त त्यानं वाचवण्यावरच घातलेलं असतं. शिवाय मूळ अडचण निराळीच आहे. खरा रंगराख्या गाडी विकतच नाही. घेणारा आला की तो त्याचे हात बघतो, नखं बघतो, किल्ली घेऊन दाराला ओठंगून उभा राहतो का ते बघतो, आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून त्याला परत पाठवतो. मुलीसाठी स्थळ बघतानाही एवढी चिकित्सा होत नाही.

दिखाऊपणाचा आरोप त्याहून कच्चा. दाखवायची हौस असलेल्या माणसाला लोक जवळ आलेले हवे असतात. याला ते चार हात लांब हवे असतात. आपल्याकडे सर्वात जास्त खपणाऱ्या पांढऱ्या गाडीवर बारीक ओरखडे चटकन दिसत नाहीत, काळ्या गाडीवर ते लांबूनही ओरडतात. साधा शहाणा माणूस पांढरी घेतो. रंगराख्या काळी घेतो. व्रत कडक हवं असेल तर रोजच सोमवार असावा, तसं हे. गाडीची खरी शोभा तो एकटाच बघतो, तीही रात्री, टॉर्चच्या उजेडात, आणि ती बघत असताना शोधत असतो दोष. शोभा बघायला आलेला माणूस इतका खिन्न दिसत नाही.

एका हरकतीपुढे मात्र मला थोडं नमावं लागतं. वस्तू जपणं हा गुण आहे, तो का हसण्यावारी न्यायचा? ज्यांनी टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घातली, नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक पहिला उन्हाळा संपेपर्यंत काढलं नाही, त्या पिढीचा हा मुलगा. हप्त्यांवर आलेली वस्तू हप्ते संपेपर्यंत तरी नवी राहावी असं त्याला वाटणारच. कबूल. पण जपणुकीत माणसं येऊ शकतात आणि सोवळ्यात ती बाहेर ठेवावी लागतात, तेव्हा शेवटी तिथेच बघावं. रंगराख्याचा विटाळ कोणाकोणाचा आहे? कबुतरांना दाणे टाकणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा, थंडीत इंजिनाची ऊब घ्यायला बॉनेटवर बसणाऱ्या मांजराचा, सायकल शिकणाऱ्या मुलांचा. पाणी वाया जाऊ नये म्हणून घरच्या आरओ यंत्रातलं टाकाऊ पाणी बादलीभर साठवून ‘घे, गाडीला वापर’ म्हणणाऱ्या बायकोचाही. त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहूनही जास्त असतात, वाळलं की पांढरे डाग पडतात. त्याचं म्हणणं बरोबर असतं, ते सांगताना त्याचा चेहरा मात्र दुधात मीठ पडल्यासारखा होतो. आणि सर्वात जास्त विटाळ सकाळी सहाला येणाऱ्या गाडी पुसणाऱ्या पोऱ्याचा. एक बादली, एक पिवळं फडकं, वीस गाड्या, महिन्याला गाडीमागे काही शे रुपये. या हिशेबात प्रत्येक गाडीला दोन बादल्या आणि स्वतंत्र मोजा कसा बसवायचा, हे कुठल्याही कोटिंगवाल्यानं सांगितलेलं नाही. ओरखडे त्या फडक्यानं पडतात हे शंभर टक्के खरं. पण रंगराख्या त्या मुलाला ‘माझ्या गाडीला शिवू नकोस’ असं ज्या सुरात सांगतो, तो सूर मायक्रॉनच्या शास्त्रातून आलेला नाही. तो फार जुना आहे आणि घरातून निघताना आपण तो नेमका बरोबर आणला.

या सोवळ्याची खरी कसोटी वर्षातून एकदा लागते, दसऱ्याला. त्या दिवशी रंगराख्या पहाटे पाचलाच खाली असतो. फोम, दोन बादल्या, फुंकर मारून फटींतलं पाणी उडवणारा ब्लोअर, सगळं यथासांग. आठच्या सुमारास आई पूजेचं ताट घेऊन येते. ताटात हळद आहे, कुंकू आहे, तेलाचं निरांजन आहे, तारेत ओवलेला झेंडूचा हार आहे आणि नारळ आहे. म्हणजे रंगराख्याच्या दृष्टीनं एक डाग, दुसरा डाग, तेल, ओरखडा आणि खोक. तो आईला तोडगे सुचवू लागतो. स्वस्तिक बॉनेटवर नको, काचेवर काढ. हार तारेचा नको, दोऱ्याचा करू. हळद नंबरप्लेटला लाव, ती सरकारची आहे. नारळ गेटपाशी फोडू. आई सगळं शांतपणे ऐकून घेते. मग ताट हातात धरायला तो पुढे होतो, तेव्हा ती ताट मागे घेते आणि विचारते, ‘आंघोळ झाली का तुझी?’

गाडीची झालेली असते. त्याची राहून गेलेली असते.

‘मग शिवू नकोस,’ ती म्हणते. ‘हो तिकडे.’