परका क्लास कसा मागवावा: नवशिक्यांसाठी

क्लायंटच्या क्लासपाथवर फक्त इंटरफेस ठेवा. प्रत्यक्ष क्लासही ठेवलात तर प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालेल आणि शिकायला काही उरणार नाही.

१९९७ साली जावा १.१ सोबत आरएमआय (दुसऱ्या यंत्रावरच्या ऑब्जेक्टची मेथड बोलावण्याची सोय) आलं, तेव्हा त्याची खरी ऐट हीच होती. दुसऱ्या यंत्रावरून ऑब्जेक्ट येतो, त्याचा क्लास आपल्याकडे नसतो, तरी सोबत आलेल्या पत्त्यावरून बाइटकोड आपोआप उतरतो. हा पत्ता म्हणजे कोडबेस. सर्व्हर सुरू करताना तो द्या. पत्ता फोल्डरचा असेल तर शेवटची तिरकी रेघ विसरा. जावा त्या फोल्डरला जार फाइल समजेल. रेघ आठवलीच, तर फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडा. कोडबेसमध्ये मोकळी जागा दोन पत्ते वेगळे करते, त्यामुळे एका धड पत्त्याचे दोन अर्धवट होतात.

आता रजिस्ट्री, म्हणजे सर्व्हरचे ऑब्जेक्ट नावाने शोधून देणारी नोंदवही. आपले क्लास तिच्या क्लासपाथवर असतील अशी काळजी घेऊन ती १०९९ पोर्टवर सुरू करा. मग ती क्लास तिथूनच उचलते आणि स्टब (दूरच्या ऑब्जेक्टचा क्लायंटकडचा प्रतिनिधी) पुढे देताना सर्व्हरचा पत्ता गाळते. बोंब मारतो क्लायंट, म्हणून आपण क्लायंटचाच कोड उसवत बसतो. यात दुपार सहज जाते. (जावा ५ पासून स्टब आयते तयार होतात, एवढी एक कटकट कमी.)

सिक्युरिटी मॅनेजर नसेल तर परक्या पत्त्यावरचा क्लास येतच नाही. तो लावला की जिथे तिथे परवानगी नाकारली जाते. मग सगळे करतात तेच करा: पॉलिसी फाइलमध्ये सरसकट ‘ऑल परमिशन’ लिहा. म्हणजे वॉचमन नेमायचा आणि त्यालाच सांगायचं, येईल त्याला सोड, नाव विचारू नकोस.

तरीही चालणार नाही. २०१३ मध्ये, जावा ७ च्या अपडेट २१ पासून, ‘यूज कोडबेस ओन्ली’ ही प्रॉपर्टी मुळातच ट्रू झाली: समोरच्याने पाठवलेला पत्ता मानायचाच नाही. ती फॉल्स करा. शहाण्यांनी ती उगीच ट्रू केली नव्हती. २०२१ च्या डिसेंबरात लॉगमध्ये पोचलेली एक ओळ जेएनडीआय या जावाच्या नाव-शोध सुविधेमार्फत परका कोड आत आणू शकते, हे लॉग४शेल या त्रुटीने जगाला दाखवलं.

जावा २४ मध्ये तर सिक्युरिटी मॅनेजरच कायमचा बंद झाला, त्यामुळे तिथे ही वाट संपली. हौस असेलच तर जावा ८ बसवा, सर्व्हर आणि क्लायंट एकाच यंत्रावर ठेवा, वायफाय बंद करा आणि मग एंटर दाबा.