हरावं तर असं
हरावं तर टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठासारखं. त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ 1989 ते 1998 या काळात लागोपाठ 80 सामने हरला. बरीच वर्षं खेळाडूंना शिष्यवृत्ती नव्हती, तरी पोट्टे हेल्मेट घालून मार खायला हजर! (हेल्मेट घालून फुटबॉल, हे आमच्या विदर्भातल्या अनसिंग गावाला पटायचं नाही, इथे वाशिम-पुसद रस्त्यावर मोटारसायकलवरही कोणी घालत नाही.)

आपल्याकडे फुकट हरण्याची पद्धत नाही. सहाराने 2010 मध्ये पुणे वॉरियर्ससाठी तब्बल 37 कोटी डॉलरची बोली लावली. युवराज कर्णधार झाला, गांगुली झाले. तीन आयपीएल हंगाम, 46 सामने, विजय 12. सातत्य मात्र वाखाणण्याजोगं : दर वर्षी मोजून चार, एक कमी नाही, एक जास्त नाही. 2013 मध्ये संघच गुंडाळला. प्रेअरी व्ह्यूने 1998 मध्ये निदान लँगस्टनला 14-12 हरवून मालिका तोडली. पुण्याला तेवढाही धीर निघाला नाही.

अनसिंगला याचं दुःख झालं असेल, असं पुण्याने समजू नये. निधी नेहमी पश्चिम महाराष्ट्राला, अनुशेष आमच्याकडे. आणि रणजी करंडक? तो 2018 पासून विदर्भाने तीनदा जिंकला.