भाड्याचं कशाला?

मुंबईच्या थंडीचा विक्रम आहे 7.4 अंशांचा. सांताक्रूझ, 22 जानेवारी 1962. तो दिवस पाहिलेली माणसं आजही त्याबद्दल बोलताना शाल ओढून घेतात. म्हणजे आपण बर्फाच्या सर्वांत जवळ गेलो ते एवढे, आणि तेही साठ वर्षांपूर्वी. असं असताना बोरिवलीच्या माझ्या भाचीने भर एप्रिलमध्ये, पंखा पाचावर आणि पन्ह्याचा ग्लास हातात असताना जाहीर केलं की येत्या हिवाळ्यात ती गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकणार आहे.

ताई म्हणाली, "पडशील." भाऊजींची शंका वेगळी होती. "बोर्ड कुठून आणणार?"

"तिथे भाड्याने मिळतो, बाबा."

"भाड्याचं कशाला? स्वतःचं असावं माणसाचं."

हे वाक्य भाऊजींच्या आयुष्याचा पाया आहे. भाड्यात दिलेला पैसा म्हणजे गटारात टाकलेला पैसा, या एका तत्त्वावर त्यांनी बोरिवलीत दोन खोल्या घेतल्या, लग्नात स्वतःचा सूट शिवला (जो नंतर कुणालाच झाला नाही), आणि सोसायटीत सत्यनारायणाला लागणारा चौरंगसुद्धा स्वतःचा ठेवला. तेव्हा बर्फावर घसरण्याची फळी स्वतःची हवी हे ओघानेच आलं. ती शोधायची कामगिरी माझ्याकडे आली, कारण मी निवृत्त आहे आणि मुलुंडला राहतो. बोरिवलीच्या लोकांच्या मते मुलुंडच्या माणसाला दुसरं काम नसतं.

मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रो, अंधेरीला पश्चिम रेल्वे, मग बोरिवली. 2014 च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हापासून आमचं माहेर-सासर एकमेकांच्या फार जवळ आलं आहे. काहींच्या मते गरजेपेक्षा जास्त. वाटेत घाटकोपरला आर सिटी मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या दालनात भाचीला घेऊन गेलो. म्हटलं, आधी बर्फ तरी बघू. जाड कोट चढवून आत गेलो. मुलं बर्फाचे गोळे फेकत होती, आया फोटो काढत होत्या आणि एक आजोबा कोटाच्या आत कानटोपी घालून "बाहेर कधी जायचं?" एवढंच विचारत होते. घसरायची सोय होती, पण बसून घसरायची. उभ्याने घसरणाऱ्याला इथे विद्या मिळणार नव्हती.

अंधेरीच्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्या मुलाने आम्हाला स्केटबोर्ड दाखवला. मी म्हटलं, याला चाकं आहेत. तो मदतीला तत्पर होता. "काढून देऊ का, सर?"

स्नोबोर्डचा जन्मही तसाच घरगुती आहे, हे भाचीने मला मेट्रोत सांगितलं. 1965 च्या नाताळात अमेरिकेतल्या मस्केगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने आपल्या मुलींना रमवायला दोन स्की शेजारीशेजारी जोडल्या. बायकोने त्याला नाव दिलं 'स्नर्फर'. 1998 च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये पोरींचं हे खेळणं पदकाला पोचलं. भाऊजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सुताराकडून करून घेता येईल." तो विषय ताईने तिथेच मिटवला.

बोर्ड निवडायचं शास्त्र मात्र सुताराच्या पलीकडचं आहे. पूर्वी सांगत, बोर्ड उभा धरला की हनुवटी आणि नाक यांच्या मधे यावा. हल्ली उंचीपेक्षा वजन बघतात. प्रत्येक कंपनीचा वजनाचा तक्ता असतो. हलक्या माणसाला लांब बोर्ड वळवत नाही, जड माणसाखाली आखूड बोर्ड दबतो. दुसरं, रुंदी. पाय मोठा असेल आणि बोर्ड अरुंद, तर वळताना बुटाची टोकं बर्फाला घासतात आणि माणूस तोंडावर येतो. म्हणून मोठ्या पायांसाठी 'वाइड' बोर्ड. पाय लहान आणि बोर्ड वाइड असेल तर पंजाचा जोर कडेपर्यंत पोचतच नाही. तिसरं, लवचीकपणा: एक ते दहा असा आकडा असतो, नवशिक्याने खालच्या आकड्यांत राहावं. कडक बोर्ड चूक माफ करत नाही. चौथं, बाक. मधे कमान आणि टोकांजवळ टेकलेला तो कॅम्बर, मधे टेकून टोकांना उचललेला तो रॉकर. नवशिक्याला सपाट किंवा रॉकर बरा, कारण त्याची कड बर्फात चटकन अडकत नाही. कड अडकणे म्हणजे काय हे पडलेल्या माणसाला विचारावं. त्याला बसता येत असेल तर तो सांगेल.

आणि पाचवं, पुढे कुठला पाय? डावा पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा पुढे असेल तर 'गूफी'. यात चांगलं-वाईट काही नाही, ज्याचा त्याचा पिंड. कुणीतरी मागून बेसावध ढकलायचं आणि तोल सावरायला कुठला पाय पुढे पडतो ते बघायचं, ही त्याची सोपी परीक्षा. आता ही परीक्षा घ्यायला अंधेरी स्टेशनासारखी जागा जगात नसेल. संध्याकाळी साडेसहाला विरार लोकल लागली, मागच्या चाळीस जणांनी मिळून आमची परीक्षा घेतली. भाची रेग्युलर निघाली. मी दारातल्या दांड्याला लटकलो असल्याने माझा निकाल राखून ठेवला. खरं तर आडवं उभं राहायचं, गुडघे सैल, नजर पुढे, वजन दोन्ही पायांवर: स्नोबोर्डवर उभं राहायची ही रीत म्हणजे विरार लोकलच्या पॅसेजमध्ये उभं राहायचीच रीत. उपनगरातला माणूस अर्धं शिकूनच बर्फावर जातो.

एवढं शास्त्र जमवून आम्ही बोरिवलीला पोचेपर्यंत भाऊजींनी बोर्ड ठरवला होता. अंधेरीलाच, लोखंडवाला भागात, कॅनडाहून कायमचा परतलेला कुणी तरुण आपला जुना बोर्ड विकत होता. निम्म्याहून कमी किमतीत. लांबी 164 सेंटिमीटर, वाइड. भाचीचं वजन चोपन्न किलो, पायाचं माप चार.

"बाबा, हा माझ्यापेक्षा उंच आहे."

"मग चांगलंच की. जास्त दिवस पुरेल."

शाळेचा गणवेश दोन मापं मोठा घ्यायचा, ही सवय मुलगी सव्वीस वर्षांची झाली तरी सुटत नाही. पैसे देऊन झाले होते. बोर्ड आणायला मी आणि भाची पुन्हा अंधेरीला.

एकशे चौसष्ट सेंटिमीटरची वस्तू रिक्षात आडवी मावत नाही. उभी धरली तर टप फाटतो, तिरकी धरली तर शेजारचा स्कूटरवाला. स्टेशनपर्यंत तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला, चौथ्याने विचारलं, "दरवाजा है क्या?" बोरिवली स्लोच्या मालडब्यात चढलो. तिथे मासे विकून परतणाऱ्या दोन कोळणी रिकाम्या पाट्या पालथ्या घालून बसल्या होत्या. एकीने फळीवर बोट आपटून पाहिलं.

"काय गो पोरी, इस्त्रीची फली का?"

"नाही मावशी, ही बर्फावर घसरायची."

"बर्फान?" तिने दुसरीकडे पाहिलं. "बर्फान आमी म्हावरा ठेवताव. तू काय ठेवनार?"

त्या डब्यात बर्फाचा रोजचा अनुभव असलेल्या त्या दोघीच होत्या, त्यामुळे आम्ही गप्प राहिलो. कांदिवली येईपर्यंत तिने फळी आडवी टाकायला लावून तिच्यावर आपली पाटी ठेवली होती. त्या बोर्डाने केलेलं ते एकमेव उपयोगी काम.

घरी तो लिफ्टमध्ये शिरला, पण मग माणसं शिरेनात. पलंगाखाली गेला नाही, कारण तिथे चौरंग होता. शेवटी बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांमागे उभा राहिला. विमानाच्या तिकिटासोबत लांब सामानाचे वेगळे पैसे द्यावे लागतील हे कळल्यावर भाऊजी पहिल्यांदा गप्प झाले. भाडं असो वा सामानाचा आकार, गटार तेच.

बोर्ड बाल्कनीत राहिला आणि आम्ही सगळे फेब्रुवारीत गुलमर्गला गेलो. डिसेंबर-जानेवारीतले 'चिल्लई कलां'चे कडाक्याचे चाळीस दिवस सरल्यावर जावं असं सगळ्यांनी सांगितलं होतं. थंडी असली म्हणजे बर्फ असतोच असं नाही, हेही तिथेच कळलं. 2024 च्या जानेवारीत बहुतेक दिवस गुलमर्ग कोरडंठक्क होतं. बर्फ महिना सरता सरता पडायला लागला आणि त्यानंतरच तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा झाल्या. स्वतःचा बोर्ड घेऊन जानेवारीत तिथे पोचलेल्यांनी काय केलं असेल, हा विचार भाऊजींना मी मुद्दाम दोनदा सांगितला.

श्रीनगरहून टंगमर्ग, तिथे चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीत बसून वर. गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर आहे. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तो उतार हिवाळ्यात नवशिक्यांचा. गोंडोला, म्हणजे केबल-कार, वर अफरवत डोंगरावर, चार हजार मीटरच्या जवळ नेतो. पण तिथला खोल, मोकळा बर्फ आणि हिमस्खलनाची भीती हे जाणत्यांचं काम. पहिल्या दिवशी गोंडोल्याकडे बघायचंही नाही, असं आमच्या शिक्षकाने सांगितलं. तो फिरनच्या घोळदार झग्यात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, सांभाळत उभा होता.

भाड्याच्या दुकानात खरी गंमत. तिथल्या पोराने भाचीला विचारलं, "वजन?" तिने खरं सांगितलं, त्याने 146 चा मऊ बोर्ड काढला. मग भाऊजी पुढे झाले. आपणही शिकणार, असं त्यांनी विमानात ठरवलं होतं.

"वजन?"

"अठ्ठ्याहत्तर."

पोराने भाऊजींच्या पोटाकडे एकदा पाहिलं, काही बोलला नाही, आणि नव्वद किलोच्या माणसाचा बोर्ड काढला. मग बूट. बोर्डापेक्षा बुटाला त्याने दुप्पट वेळ दिला. जाड मोजा एकच, दोन नव्हेत. उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघा वाकवला की थोडा मागे यावा, आणि टाच अजिबात उचलू नये. टाच उचलली तर बोर्ड पायाचं ऐकत नाही. भाचीला त्याने चार जोड घालायला लावले, तेव्हा पाचवा बसला.

उतारावर शिक्षकाने भाऊजींना मागून ढकललं. भाऊजी गूफी निघाले. याचं ताईला जराही नवल वाटलं नाही.

पहिला दिवस बहुतेक बसण्यात जातो. एक पाय बांधून ढकलत चालायचं, मग दोन्ही बांधून टाचेच्या कडेवर हळूहळू खाली सरकायचं. पडताना हात मागे टेकवायचा नाही. नवशिक्या स्नोबोर्डरांची मनगटं सर्वांत जास्त त्यातच जातात. मनगटाला गार्ड, डोक्याला हेल्मेट. माकडहाडासाठीही पॅडेड चड्डी मिळते, पण भाऊजींनी ती भाड्याची म्हणून नाकारली. "अंकल, घुटने! घुटने!" असं शिक्षक ओरडत होता आणि भाऊजी, "वाकतायत का बघ!" म्हणून ओरडत खाली येत होते. दुपारी ते नून चहा, म्हणजे तिथला खारा चहा, घेत एका कुशीवर बसले. संध्याकाळी बूट परत देताना मात्र दोन दिवसांचं भाडं त्यांनी आधीच देऊन टाकलं. सुट्टे परत मागितले नाहीत.

पहिल्या खेपेला सगळं भाड्याने घ्या. दुसऱ्यांदा गेलात तर आधी बूट विकत घ्या, कारण बोर्ड कोणाचाही चालतो, पाय आपलाच असतो. बोर्ड सगळ्यात शेवटी. आणि तुमचं वजन पंच्याऐंशीच्या वर, पाय दहाच्या वर असेल, तर एक बोर्ड आहे: 164, वाइड, कॅनडा वापर, मुंबईत फक्त म्हावऱ्याची पाटी. बोरिवली पश्चिमेहून स्वतः न्यावा लागेल. लिफ्टमध्ये मावतो. रिक्षावाल्याला आधी विचारून या.