भामेची की इंद्रायणीची?

चाकणला स्वतःची म्हणावी अशी नदी नाही. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाएस्तेखानाला ज्याच्या तटाशी खोळंबून ठेवलं तो संग्रामदुर्ग आहे, कांद्याचा बाजार आहे, तळेगाव चौकात एखाद्या जुनाट दुखण्यासारखी ठाण मांडून बसलेली वाहतूक आहे. नद्या मात्र शेजारच्या: उत्तरेला वाकीकडे भामा, दक्षिणेला मोशीकडे इंद्रायणी. गाव दोघींच्या मधोमध, कौलारू घराच्या आढ्यासारखं. एका पाख्यावरचा पाऊस भामेकडे उतरतो, दुसऱ्यावरचा इंद्रायणीकडे. त्यामुळे इथल्या एका शाळेत पाणलोटाचा तास सुरू झाला आणि वर्गात उभी फूट पडली, याचं मला नवल वाटलं नाही.

बाईंनी पटांगणात दप्तरांची रांग मांडून वर निळी ताडपत्री टाकली. झाला सह्याद्री. कारखाना म्हणून चिमूटभर कुंकू, शेत म्हणून माती, घर म्हणून रांगोळीचा हिरवा रंग. मग झारीने पाऊस. भामावाले आपल्या उताराला हुरूप देत होते, इंद्रायणीवाले आपल्या. पण दोन्ही ओघळ वळसे घेत ताडपत्रीच्या एकाच कोपऱ्यातून एकाच बादलीत पडले. ‘‘ही भीमा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘इंद्रायणी तिला तुळापूरला भेटते. भामाही शेवटी तिच्याकडेच जाते. मग उजनीला मुक्काम, आणि पुढे पंढरपूर.’’ बादलीतला गढूळ लालसर रंग बघत एकाने विचारलं, ‘‘म्हणजे आमचं गटारपण वारीला जातं?’’ बाई क्षणभर थांबल्या. ‘‘जातं. माळ न घालता.’’

हाताने करून शिकण्याचं या बाजूला वावडं नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो याच भरवशावर. तेव्हा पुढचा तास थेट इंद्रायणीच्या काठी. स्टीलच्या ताटलीवर काळे-पांढरे चार पाव रंगवलेले, खाली वजन, वर गाठी मारलेली सुतळी. ताटली दिसेनाशी झाली की भिजलेल्या गाठी मोजायच्या. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन पाद्र्याने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशीच पांढरी तबकडी सोडली होती. गृहस्थ मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्याचे डाग न्याहाळता न्याहाळता पाण्यात वाकून बघावंसं त्यांना का वाटलं असेल, याचा विचार करत मी काठावर बसलो. इंद्रायणीत बुडालेली गाथा तेराव्या दिवशी वर आली, हे या मुलांना पाळण्यापासून ठाऊक. ताटली गडप होताच एका मुलीने काळजीने विचारलं, ‘‘बाई, वर येईल ना?’’ ‘‘सुतळी ओढलीस तर येईल.’’

मग हळदीत बुडवून वाळवलेले कागद निघाले. क्षाराने हळद लाल होते, हे कुंकू करणाऱ्या बायकांना प्रयोगशाळांच्या आधीपासून माहीत होतं. साबणाच्या पाण्याने कागद लालबुंद झाला. नदीच्या पाण्याने तो पिवळाच राहिला. ‘‘नदी पास!’’ पोरांनी एकच गिल्ला केला, आणि त्यांच्या पाठीमागून पांढऱ्या फेसाचे लोट आळंदीच्या दिशेने निवांत वाहत गेले. मला त्या कागदाची दया आली. तो खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलंच तेवढं होतं. फेस यायला धुण्याच्या पावडरीचा लवलेशही पुरतो, तेवढ्याने हळद ढिम्म हलत नाही. गाळातून मात्र तांबड्या अळ्या निघाल्या. प्राणवायू कमी असला तरी त्या तग धरतात, कारण आपल्यासारखंच हिमोग्लोबिन त्यांच्याही अंगात असतं. आपल्या या नातेवाइकांना मुलांनी झाकणात घेऊन बराच वेळ पाहिलं.

फेस कारखान्यांचा की घरांचा, यावर मोठी माणसं वर्षानुवर्षं भांडतायत. मुलांनी वहीत दोन्ही लिहिलं. ‘उपाय’ या रकान्यापाशी एका चुणचुणीत मुलाने हात वर केला. ‘‘बाई, मग मी रोज आंघोळ केली नाही तर?’’

‘‘आंघोळ रोज. शॅम्पू रविवारी.’’

पहिलं वाक्य गाळून त्याने दुसरं तेवढं लिहून घेतलं, आणि खाली बाईंची सही मागितली. नुसत्या सांगण्यावर आई विश्वास ठेवणार नाही, म्हणाला.