पर्यायोक्त

साहित्यशास्त्रातील प्रश्न हा उत्तर देण्यासाठी नसून त्याच्याभोवती सावकाश प्रदक्षिणा घालण्यासाठी असतो, अशी आमच्या पिढीची दृढ समजूत होती. आणि रसनिष्पत्तीची प्रक्रिया विशद करण्याचा हुकूम प्रश्नपत्रिकेवर दिसताच भरतमुनींचे स्मरण करून, पुरवणीमागून पुरवणी मागत, कोणत्याही निर्णयाप्रत न येता शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत राहणे यालाच आम्ही व्यासंग म्हणत असू. परीक्षकही त्याच परंपरेतले असल्यामुळे ते पुरवण्या मोजत आणि गुण देत. महाविद्यालयीन अध्यापकाच्या पात्रतेसाठी जी नेट नावाची परीक्षा घेतात, तिच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत ही प्रदक्षिणेची सोय बरीच वर्षे शाबूत होती. जून २०१२ मध्ये मात्र तीही वस्तुनिष्ठ झाली, आणि ज्या शास्त्रात शतकानुशतके दोन पंडितांचे एकमत झाले नाही त्या शास्त्राला, चारांपैकी एकच मत बरोबर असल्याचा कबुलीजबाब लिहून द्यावा लागला.

माझी पुतणी मराठीत एम. ए. झाली आणि या परीक्षेचे तिने मनावर घेतले, तेव्हा अप्पा बळवंत चौकातून मार्गदर्शकांचा एक भारा घरात आला व रोज संध्याकाळी तिला प्रश्न विचारण्याची कामगिरी माझ्याकडे सोपवण्यात आली. पहिल्याच बैठकीत काव्यप्रयोजनांचा प्रश्न निघाला. यश आणि अर्थ ही प्रयोजने मम्मटाने आधी का सांगितली, अमंगळाचे निवारण मध्येच कोठून आले, आणि कांतेने करावा तसा गोड उपदेश अगदी शेवटी का ठेवला, याचा विस्तार करीत मी कांतेपर्यंत येऊन पोचलो असताना ती अत्यंत आदराने म्हणाली, ''काका, सहा आहेत, एवढं पुरे. पुढचा घ्या.''

पुढे तिची तयारी पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की, भरताच्या रससूत्रावर ज्या चार आचार्यांनी भाष्य केले त्यांना रंगभूमीपेक्षा परीक्षागृहाचाच अनुभव अधिक असला पाहिजे. भट्टलोल्लटाचा उत्पत्तिवाद हा पाठांतर करणाऱ्यांचा पंथ होय. रात्रभर घोकावे आणि सकाळी उत्तर उत्पन्न व्हावे. श्रीशंकुकाचा अनुमितिवाद हा त्याहून चतुरांचा. उत्तर ठाऊक नसते. पण पहिला पर्याय फारच सोपा म्हणून तो नव्हे, तिसरा फार लांबलचक म्हणून तो नव्हे, चौथा मागच्याच प्रश्नाचे उत्तर होता म्हणून तोही नव्हे, अर्थात दुसरा, असे तर्काचे काम तेथे चालते. आणि चित्रातला घोडा पाहून आपण त्याला खरा म्हणत नाही, खोटा म्हणत नाही, तरी घोडा मात्र म्हणतो, हा जो शंकुकाचा प्रसिद्ध चित्रतुरगन्याय, तो त्या दुसऱ्या पर्यायाकडे टक लावून बसलेल्या उमेदवाराला जसा लागू पडतो तसा नाट्यगृहातल्या प्रेक्षकालाही पडत नसेल. भट्टनायकाने साधारणीकरण सांगितले, म्हणजे आपले आणि परके हा भेद लोपणे. शेजारच्या उमेदवाराचे उत्तर आपलेच वाटू लागणे ही त्याची परमावधी. परंतु परीक्षा संगणकावर गेल्यापासून या पंथाला उतरती कळा लागली असून, पर्यवेक्षकांची त्यावर पूर्वीपासूनच वक्रदृष्टी असल्याने अधिक तपशिलात जाणे प्रशस्त नव्हे. राहता राहिला अभिनवगुप्त. त्याच्या मते रस बाहेरून येत नाही. सहृदयाच्या अंतःकरणात वासनारूपाने वसणारा स्थायिभाव विघ्ने दूर होताच अभिव्यक्त होतो. हे मत सर्वांत श्रेष्ठ का मानले गेले याचा उलगडा ज्याला हवा असेल त्याने परीक्षागृहाच्या जिन्यावर पाच मिनिटे उभे राहावे. परीक्षा हे मुख्य विघ्न दूर झालेले असते, आणि प्रत्येक पायरीवर कोणाला ना कोणाला बरोबर उत्तर अभिव्यक्त होत असते.

तथापि या परीक्षेविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो बरोबर पर्यायांमुळे नव्हे. बरोबर पर्याय कोणत्याही ग्रंथातून उचलता येतो. प्रतिभा लागते ती उरलेल्या तिघांना. वाङ्मयानंदाला सविकल्प समाधी कोणी म्हटले, या प्रश्नापुढे न. चिं. केळकर हे नाव लिहिले की प्रश्नकर्त्याचे कारकुनी काम संपते. त्यानंतर वामन मल्हार जोशी, ना. सी. फडके आणि बा. सी. मर्ढेकर यांना शेजारी अशा बेताने बसवायचे की, त्यांपैकी कोणीही ते म्हटले असते तर नवल वाटू नये, हे खरे ललितलेखन होय. (चार विकल्पांसमोर उमेदवाराची जी समाधी लागते तिला तर केळकरांनीही निराळे नाव दिले नसते.) इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य संभवनीय ते सांगते, हा ॲरिस्टॉटलचा भेद एकदा मान्य केला, म्हणजे प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ इतिहासाची आणि तीन ओळी काव्याच्या असतात असे ठरते, आणि साहित्याच्या परीक्षेत, इतिहास सोडून काव्य निवडणाऱ्या रसिकाच्या पदरी शून्य पडावे, हा न्याय मला तरी अजब वाटतो. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत, यावरून परीक्षा घेणाऱ्यांच्या मनालाही ही गोष्ट कोठेतरी टोचत असावी.

विधान-कारण नावाचा एक प्रकार या प्रश्नपत्रिकेत असतो. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले, हे विधान. क्षेमेंद्र काश्मीरचा होता, हे कारण. दोन्ही सत्य आहेत, परंतु कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण नाही, असा पर्याय येथे निवडावयाचा असतो. भाजी खारट झाली, आणि तुमच्या बहिणीचा फोन आला होता, ही दोन वाक्ये स्वयंपाकघरातून लागोपाठ ऐकू येतात तेव्हाही वस्तुस्थिती हीच असते. फक्त तो पर्याय मोठ्याने निवडण्याचे धैर्य गृहस्थाश्रमात कोणाला होत नाही.

कालानुक्रमाच्या प्रश्नांत काव्याचे मर्म मुळीच आड येत नाही. भामह, वामन, आनंदवर्धन आणि मम्मट यांच्यासाठी पुतणीने 'भाऊ वाटेत आंबा मागतो' असे सूत्र रचले होते, आणि सुमारे चार शतकांची काव्यमीमांसा त्या एका आंब्यात बिनतक्रार सामावली. परीक्षेनंतर उत्तरतालिका प्रसिद्ध होते. ती मान्य नसल्यास मुदतीच्या आत, प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून, हरकत नोंदवता येते. आनंदवर्धनाच्या ध्वनिसिद्धांतावर महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' हा अख्खा ग्रंथ लिहून हरकत घेतली, ती मात्र निःशुल्क होती. तिची सुनावणी पंडितांच्या दरबारात अद्याप चालूच आहे.

यथावकाश पुतणी उत्तीर्ण झाली आणि एका महाविद्यालयाकडून तिला मुलाखतीचे बोलावणे आले. मंडळावर एक वयोवृद्ध तज्ज्ञ होते. बहुधा आमच्याच पुरवणी-पंथातले. आवडता कवी कोणता, असे त्यांनी विचारताच तिने मर्ढेकर हे उत्तर तत्काळ दिले. ''का?'' असे त्यांनी पुढे विचारले, तेव्हा ती सवयीप्रमाणे चार पर्यायांची वाट पाहत स्वस्थ बसून राहिली. त्या मौनात तज्ज्ञांना काही गंभीर ध्वनी ऐकू आला असावा, कारण नेमणुकीचे पत्र आठवड्याभरात हाती पडले. नेमणूक तासिका तत्त्वावरची आहे. काश्मीरच्या जयापीड राजाने आलंकारिक भट्ट उद्भट याला सभापती नेमून रोजचे एक लक्ष दीनार वेतन दिले होते, अशी नोंद कल्हणाने 'राजतरंगिणी'त केली आहे. तिच्या मार्गदर्शकात उद्भटाचा काळ दिला आहे, ग्रंथ दिला आहे, पगार तेवढा दिलेला नाही. आणि मीही तो अद्याप तिच्या कानावर घातलेला नाही.