घोडा अडला, आता ठेवावा की विकावा?

नवशिक्या मालकांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही कोणासाठी?

२०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. अश्वारोहणात भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं. त्यातला हृदय मुंबईचा, हे कळल्यावर 'मग आपल्याला काय अवघड आहे' असं म्हणून ज्यांनी रेसमधून निवृत्त झालेला एखादा थरोब्रेड घेतला, भाड्याच्या तबेल्यात बांधला आणि ज्यांचा घोडा आता पुढे सरकेना, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ते चौघे युरोपात राहून, तिथल्या वॉर्मब्लड घोड्यांवर तयार झाले, हा तपशील घोडा घेण्याच्या घाईत बऱ्याच जणांकडून वाचायचा राहतो.

ड्रेसाजची थोडक्यात उजळणी. ६० बाय २० मीटरचं मैदान, कडेला इंग्रजी अक्षरं, 'सी' अक्षरापाशी बसलेले पंच. ठरलेल्या अक्षरावर ठरलेली हालचाल करायची आणि प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण. घोडा सगळं आपणहून करतोय आणि स्वार नुसता बसलाय, असं दिसलं पाहिजे. नवशिक्यांच्या बाबतीत हे नेमकं उलटं दिसतं.

साहित्य

घोडा, एक. मालक, एक. मागच्या स्पर्धांच्या सगळ्या गुणपत्रिका, फक्त बऱ्या निघालेल्या नव्हेत. एक पशुवैद्य. एक प्रशिक्षक, ज्याला या विक्रीत कमिशन नाही (लगेच न मिळाल्यास शोध चालू ठेवावा). आणि मोतद्दार, ज्याला सगळं ठाऊक असतं आणि ज्याला कोणी काही विचारत नाही.

पायरी १ : घोडा खरंच अडलाय का, ते बघा

गुणपत्रिका तारखेप्रमाणे लावा. ६ गुण म्हणजे समाधानकारक, ५ म्हणजे जेमतेम. गेल्या वर्षी ५७ टक्के होते आणि आता ६१ असतील, तर घोडा अडलेला नाही. तुम्हाला घाई झाली आहे. अगदी तळापासून ग्राँप्रीपर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीपर्यंत, पोहोचायला चांगल्या हातातही पाच-सहा वर्षं सहज जातात, आणि बहुतेक घोडे तिथवर कधीच पोहोचत नाहीत. रेसमध्ये पळालेला घोडा वर्षभरात वर्तुळावर तोल सांभाळून कँटर करू लागला असेल, तर त्याने त्याचं काम केलं आहे.

गुणपत्रिकेच्या शेवटी स्वाराची बैठक आणि हातापायांच्या इशाऱ्यांसाठी वेगळा रकाना असतो. तो अंगठ्याने झाकून बाकीचं वाचायची प्रथा आहे. अंगठा काढा.

पायरी २ : दुखतंय का, ते बघा

सकाळी पागेत जा आणि खोगीर चढवताना काही न बोलता उभे राहा. मोतद्दाराने तंग आवळायला घेतला की घोडा कान मागे पाडतो, शेपटी फटकारतो आणि मान वळवून त्याच्या दंडाकडे दात नेतो. मालक म्हणतो, "खोडकर आहे हो जरा." मोतद्दार काही म्हणत नाही, दंड तेवढा बाजूला घेतो. कुठल्या दिवशी किती बाजूला घ्यायचा, हेही त्याला पाठ असतं.

या खोडीमागे बहुतेक वेळा कारण असतं. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत राहतं, कारण त्याचा देह दिवसभर चरण्यासाठी घडला आहे. दोन वेळा भरपूर चंदी आणि मधले तास वैरणीशिवाय, अशा शिस्तीत जठराला व्रण पडतात. रेसच्या घोड्यांत हा आजार सर्रास आढळतो. एंडोस्कोपीत तो दिसतो आणि औषधाने, वैरणीने बराही होतो. मग दात बघा. धारदार कडा गालाला लागत असतील तर लगामाचा स्पर्श त्याला नकोसाच वाटणार. मग खोगीर. काम वाढलं की पाठीचे स्नायू बदलतात आणि घेताना नीट बसलेलं खोगीर काही महिन्यांनी खांद्यात रुतू लागतं. शेवटी पाय. पशुवैद्य एकेक सांधा मिनिटभर दुमडून धरतो आणि लगेच घोड्याला दुडकीवर पळवून बघतो, त्यात बरंच काही कळतं. हे सगळं विक्रीची जाहिरात टाकण्याआधी करा, नाहीतर वरातीमागून घोडं.

पायरी ३ : बिरबलाला विचारा

भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, हे कोडं आपण सगळ्यांनीच लहानपणी सोडवलं आहे. शहरातल्या तबेल्यांना त्याचं उत्तर, 'न फिरवल्यामुळे', आजही लागू पडतं. दिवसाचा तासभर धडा आणि उरलेला दिवस कोठडीत, अशा घोड्याकडून पाठ सैल सोडण्याची अपेक्षा करणं कठीण आहे. त्यातून तो एक तासही रोज त्याच २० मीटरच्या वर्तुळावर. त्याला मोकळं सोडा, सरळ रस्त्यावर पायी चालवा, आठवड्यातून एकदा मैदानाबाहेर रपेट करा. दोन महिन्यांनी पुन्हा पायरी १ वर या.

पायरी ४ : दुसऱ्याला बसवा

ही पायरी सर्वांत स्वस्त असल्यामुळे सर्वांत कमी वापरली जाते. चांगल्या स्वाराला अर्धा तास बसवा, मोबाइलवर चित्रण करा आणि घरी एकट्याने बघा. मानी कुटुंबीयांना सोबत घेऊ नये. तुमच्या हाताखाली डोकं वर करून धावणारा घोडा त्याच्या हाताखाली मान सैल सोडून, पाठ उचलून चालत असेल, तर अंगण सरळ आहे, एवढं निश्चित झालं.

याला मोठमोठ्यांचीही साक्ष आहे. टोटिलास या घोड्याने एडवर्ड गालबरोबर २०१० च्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णं जिंकली. मग तो जर्मनीत विकला गेला, मथियास राथ त्याच्यावर बसला आणि ती जादू काही परत आली नाही. उलट व्हॅलेग्रो हा घोडा २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर विक्रीला निघाला होता. मालकांनी तो ठेवून घेतला, आणि २०१४ मध्ये लंडनमधल्याच त्याच्या स्वार शार्लट दुजार्डिनबरोबर त्याने संगीतावरच्या चाचणीत ९४.३ टक्क्यांचा जागतिक विक्रम केला.

पायरी ५ : घोड्याचा पिंड ओळखा

घोडा निरोगी आहे, मोकळा फिरतो आहे, चांगल्या स्वारालाही जमत नाही. मगच घोड्याकडे बोट दाखवा, तेही हळू. थरोब्रेड लांब टापा टाकत पुढे झेपावण्यासाठी पैदास केलेला असतो. ड्रेसाजमध्ये वरच्या पातळीवर मागचे पाय दुमडून त्यांवर वजन घ्यायचं असतं. शिवाय शर्यतीत लगामावर रेलून जोरात पळायचं असतं. इथे लगाम ताणला की थांबायचं असतं. पुष्कळ थरोब्रेड हे नव्याने शिकतात आणि मधल्या पातळीपर्यंत छान जातात. काहींना पिआफ, म्हणजे जागच्या जागी दुडकी, कधीच येत नाही. तो त्यांचा गुन्हा नव्हे. असा घोडा उड्यांच्या स्पर्धेत किंवा शिकाऊ मुलांखाली सुखात राहू शकतो.

पायरी ६ : विकायचं ठरलं तर

जाहिरात लिहिण्याआधी प्रचलित वाक्यांचा अर्थ समजून घ्या. 'अनुभवी स्वारासाठी' म्हणजे पाडतो. 'वेळेअभावी विकणे' म्हणजे मालकाला भीती बसली. 'अफाट क्षमता' म्हणजे अजून काही येत नाही. 'फक्त प्रेमळ घरी' म्हणजे किमतीत घासाघीस चालेल. यांपैकी एकही वाक्य वापरू नका. वय, काय येतं, काय येत नाही, कोणता पाय दुखला होता, हे सरळ लिहा आणि पशुवैद्याचे कागद सोबत द्या. घेणाऱ्याला दोन-तीनदा बसू द्या, त्याच्या पशुवैद्याला तपासू द्या. लपवलेलं दुखणं नव्या मालकाला महिन्याभरात कळतं, आणि तिथून घोडा स्वस्तात तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे जातो. पुढचा पत्ता सहसा लागत नाही.

पायरी ७ : ठेवायचं ठरलं तर

घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो. सहाव्या वर्षी घेतला असेल तर पुढची एकोणीस वर्षं चंदी, वैरण, पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, मोतद्दाराचा पगार आणि पशुवैद्य, हे सगळं वहीत मांडा. तो स्पर्धेत उतरला नाही म्हणून यातलं काहीच कमी होत नाही. हिशेब बघूनही ठेवावासा वाटला, तर ठेवा. आणि वरच्या पातळीचा विषय त्याच्यापुढे काढू नका.

निकाल

दुखत असेल तर उपचार करा. कोंडलेला असेल तर सोडा. पिंड वेगळा असेल तर त्याला मानवेल अशा कामासाठी, सगळं खरं सांगून विका. आणि अडचण स्वाराची असेल, तर घोडा बदलण्याआधी वर्षभर स्वतः धडे घ्या. नवा घोडा आला तरी त्याच्यावर तुम्हीच बसणार आहात.