शेवटच्या ओळीचं पाणी

माझा डावा पाय गेली सहा वर्षं बेकार आहे. पुण्याच्या एका डॉक्टरांकडून मी 2003 सालची ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हापासून त्याला कामच नाही. जळगावात आमच्या गल्लीत तिला ‘बिनक्लचची’ म्हणतात. सूर मात्र ‘बिनडोक’ म्हणतानाचा असतो.

यंदा एप्रिलात तिचं दुखणं सुरू झालं. सासुरवाडी धुळ्याची, त्यामुळे महामार्ग पाठ. बांभोरीचा गिरणेचा पूल, पाळधी, एरंडोल, इथवर गाडी अगदी गुणी. पारोळा मागे पडलं, ऊन आणि इंजिन दोन्ही तापलं, की गतिरोधकानंतर रंग पालटायचा. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन किंचाळायचं, आरपीएमचा काटा उडी मारायचा आणि गाडी मात्र होती त्याच वेगात रेंगाळायची. मग मागून कुणी लाथ घातल्यागत धसका बसून गिअर पडायचा. मागे पेंगत असलेली बायको दर धसक्याला विचारायची, “आलं का धुळं?”

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीत न बसताच निदान केलं. “क्लचप्लेट गेली, भाऊ.”

“अहो, हिला क्लचच नाही.”

“मग? तेच म्हणतोय ना, गेला!”

तो अगदीच चुकला होता असंही नाही. या गिअरबॉक्समध्ये क्लचच्या चकत्या असतात, तेलात बुडालेल्या. तेलाचा दाब त्यांना आवळतो तेव्हा गिअर धरतो. पायाचा त्यांच्याशी संबंध नसतो, एवढंच.

दुसऱ्याकडे स्कॅनर होता. त्याने ॲक्च्युएटर बदलायला सांगितलं. 2014 मध्ये सेलेरिओ एएमटी घेऊन आली, तेव्हापासून आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे तेच, असा समज झालाय. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायला यंत्राचा पाय. हा त्या यंत्राच्या पायाचा इलाज माझ्या गाडीवर करत होता. तिसऱ्याने इंजिन बंद करून पट्टी काढली, तेल बघितलं, “फुल्ल आहे” म्हणाला आणि शंभर रुपये घेतले.

मग एका दुपारी मुकटीजवळ गाडी पुढे जायलाच तयार होईना. “काय व्हयनं भाऊ?” करत चौघं धावून आले. रस्त्यात गाडी उभी दिसली की धक्का मारल्याशिवाय आमच्या खानदेशी माणसाला चैन पडत नाही. धक्का नको म्हटलं तर त्यांनी दोर काढला. इंजिन बंद ठेवून ही गाडी लांबवर ओढत नेली तर तेलाचा पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडाच घासतो, हे मी समजावू लागलो. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढे नखरे त्यांनी नव्या नवरीचेही पाहिले नसावेत. तासाभराने गाडी निवली आणि काही झालंच नाही अशी चालू लागली.

धुळ्याला बायकोचे मामा आलेले होते. यावलकडे त्यांची केळी. आयुष्यात ट्रॅक्टरखेरीज काही चालवलेलं नाही. त्यांनी शेवभाजीत भाकरी कुस्करता कुस्करता सगळं ऐकून घेतलं.

“जावईबापू, सकाळी बरी, तापली की बिघडते?”

“हो.”

“म्हणजे तेल पातळ होतं, प्रेशर पडतं. शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही तुमच्या. फिल्टर बघितला?”

“तेल फुल्ल आहे, मामा. पट्टी बघितली.”

“चालू गाडीत?”

“बंद.”

मामांनी घास खाली ठेवला. “मोटर बंद ठेवून ड्रिपचं प्रेशर बघतं का कुणी?”

गाडीचं पुस्तक सहा वर्षांत पहिल्यांदा प्लॅस्टिकमधून बाहेर निघालं. त्यात अक्षरशः तेच होतं: सपाट जागा, गरम इंजिन, चालू ठेवून, लिव्हर ‘पी’वर. तसं केलं तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. हे तेल नवं असताना डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. पट्टीवर आलं ते उकळून उकळून उरलेल्या चहासारखं. बायकोने वास घेतला. “फोडणी करपलीय.”

धुळ्यातल्याच एका मिस्त्रीने खालचा ट्रे उतरवला. फिल्टरची जाळी गाळाने बुजलेली, चुंबकावर लोखंडाचा काजळीएवढा बारीक बुक्का. ट्रे काढला तरी बरंचसं तेल आतच राहतं, म्हणून चार दिवसांच्या अंतराने दोनदा बदललं. “चकत्या जास्त घासल्या असतील तर तेलाने भागणार नाही,” असं मिस्त्रीने बजावलं. स्वतःहून वाईट बातमी देणारा मला भेटलेला हा पहिलाच.

परतताना मामा पुढच्या सीटवर होते. पारोळ्यानंतरचा गतिरोधक आला, गेला. तिसरा गिअर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. बायको झोपलेलीच. मामा समाधानाने हुंकारले आणि म्हणाले, “आता दर पंधरा दिवसांनी थोडं ॲसिड सोडायचं लाइनीतून. नळ्या मोकळ्या राहतात.”

ते गंमत करत नव्हते. माझा डावा पाय घाबरून क्लच शोधू लागला.